निळ्या धुराची जीप

दारात कुणाचा ट्रॅक्टर, ट्रक किंवा फटफटी येऊन थांबली की माझे सासरे आधी तिच्या मागे जाऊन उकिडवे बसत. पाहुण्याला "या, बसा" नंतर. आधी "जरा रेस कर" असं ओरडून सांगायचं, सायलेन्सरमधून धुराचा लोट बाहेर आला की तो डोळे बारीक करून बघायचा, एकदा वास घ्यायचा आणि मग गुडघ्यावर हात टेकत उठून निकाल द्यायचा. ज्याची गाडी असेल तो बिचारा तोवर हातातली पिशवी सांभाळत उभा.

मी लग्न होऊन आष्ट्याजवळच्या त्या गावात गेले ते साल चौऱ्याहत्तर असावं. माहेर साताऱ्याचं. घरी ऊस होता, हळद होती, चार म्हशी होत्या आणि सासरे फौजेतून सुभेदार होऊन परतलेले होते. फौजेत त्यांची सगळी नोकरी मोटारी चालवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे; लहानथोर सगळे सुभेदारच म्हणत. मी त्यांना मामंजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई.

आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी चूल पेटवत होते. साताऱ्यात आमच्याकडे स्टोव्ह होता, त्यामुळे चुलीशी माझं जमेना. लाकडं ओली, मी फुंकते आहे, धूर सगळा सोप्यात. तिथून मामंजींचा आवाज आला, "सूनबाई, पेट्रोल जास्त झालंय, हवा कमी पडतीया. दोन लाकडं काढा भाईर!"

मला हसू आवरेना. नव्या सुनेनं असं हसायचं नसतं, म्हणून मी पदर तोंडात धरला. आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "हसू नगंस बाई. हसलीस तर आत येऊन समदं इंजिन समजावून सांगतील. मला सांगून झालंय."

मी मात्र दोन लाकडं बाहेर काढली, आणि चूल पेटली.

धुराचं त्यांचं शास्त्र असं होतं. "काळा धूर आला म्हंजी गाडीला खायाला जास्त झालंय. पांढरा आला आनि ऱ्हायलाच, तर पोटात पानी शिरलंय. आनि निळा आला..." इथे ते चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायचे. "निळा आला म्हंजी तेल जळतंय. त्यो आजार वाईट. पिस्टनच्या रिंगा गेल्या समजायचं."

त्या वर्षी पावसाळा सरता सरता मामंजी पुण्याला गेले आणि फौजेच्या मोडीत निघालेल्या गाड्यांच्या लिलावातून एक जीप घेऊन आले. शेवाळी हिरवा रंग, कापडी टप, पुढची एक काच तडकलेली. पुण्याहून ते स्वतः चालवत आले. पाठ ताठ, नजर समोर, जणू मागे सगळी पलटण येते आहे. वेशीपासून पोरांची रांग त्यांच्या मागे. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकावर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "माणूस रिटायर झाला, आता गाडीबी रिटायर झालेली आनलीया. दोगांस्नी मीच सांभाळायचं."

"अगं, फिट हाय ती!" मामंजी म्हणाले.

"तुमीबी तसंच सांगता," आत्याबाई म्हणाल्या.

फौजेची गाडी आता खाजगी झाली होती, तेव्हा तिची पासिंगच्या कचेरीत नोंद करायची होती. त्यासाठी इंजिनाचा नंबर, सांगाड्याचा नंबर हे सगळं गाडीवर शोधून, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यावा लागे. मामंजींना चाळिशी होती, पण जीपच्या पोटाखाली झोपून ती नाकावर टिकत नसे. माझे यजमान कारखान्यात नोकरीला, दिवसभर बाहेर. मी इंटर सायन्सपर्यंत शिकलेली. म्हणून एका दुपारी मामंजींनी मला बोलावलं. "सूनबाई, इंग्रजी आकडं वाचायचं हायती. येता का?"

स्टेअरिंगसमोरच्या पत्र्यावर एक पितळी पट्टी ठोकलेली होती, पण तिच्यावर रंगाचे इतके थर बसले होते की अक्षरांचे नुसते फुगवटे दिसत. मी घासलेटात भिजवलेली चिंधी घेतली आणि बोटाच्या टोकानं घासायला लागले. आधी एक आकडा दिसला, मग एक शब्द. कोणत्या गिअरमध्ये किती वेगानं जायचं, किती वजन घालायचं, गाडी फौजेला कधी मिळाली, तिचा स्वतःचा नंबर, इंजिनाचा नंबर. कुठे कुठे फिरून आलेली ती गाडी, तिची सगळी माहिती वीतभर पत्र्यावर. मला फार मजा वाटली. लग्न ठरवताना माझी इतकी माहिती कुणी विचारली नव्हती, असं मी ह्यांना रात्रीच्या जेवणाला म्हटलंसुद्धा. हे म्हणाले, "विचारली असती, तर लोड किती घेतीस तेवढंच विचारलं असतं."

मग बॉनेट उघडून मी इंजिनावर ठोकलेला नंबर शोधला. कागद ठेवून पेन्सिल घासली. ठसा छान उमटला. पण तो आणि पट्टीवरचा नंबर जुळेना.

"मामंजी, ह्या इंजिनाचा नंबर वेगळा आहे."

"असनारच," ते जीपखालून म्हणाले. "फौजेत इंजिन खराब झालं की दुसऱ्या गाडीचं काढून बसिवत्यात. लिलावाच्या कागदावर इंजिनाचा खरा नंबर हाय, त्यो जुळतोय का बगा."

तो जुळत होता. तेव्हा विषय तिथंच संपला.

मामंजींचे एक जिवाभावाचे मित्र सांगलीला होते. हळदीचे व्यापारी, जैन, लहानपणी दोघं एका शाळेत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि खिशात इस्त्री केलेला पांढरा रुमाल. त्यांच्याकडे एक जुनी काळी मोटार होती. ती इतकी स्वच्छ की तिच्यात बसताना पाय झटकून बसावं लागे. इंजिनातलं अण्णांना काहीही कळत नव्हतं आणि ते तसं मोकळेपणानं सांगत. "मला आत काय चाललंय ते कळत न्हाई. मी फक्त किती घातलं आनि किती निघालं, एवढं बघतो," असं ते म्हणत. दर आठवड्याला ते गप्पा मारायला येत आणि सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून घाईनं निघत. नेमके ते उठले की मामंजी त्यांना एखादा फौजेतला लांबलचक किस्सा सांगायला सुरुवात करत. अण्णा एक डोळा उन्हावर आणि एक मामंजींवर ठेवून ऐकत राहत. मग आत्याबाई आतून ताट वाढून आणत, "आवं, जेवा हितंच. ह्यांच्या लढाईला आत्ता कुटं तोंड फुटतंय."

जीप आल्यावर मामंजींनी तिची पहिली सर्व्हिस केली. सकाळी अंघोळ, मग पूजा, मग सर्व्हिस. जुनं तेल काढलं. नवं तेल ओततानाही ते माप घेत नव्हते. "मापानं वाणी भरतो. मेकॅनिक काडी बघतो," असं ते मला म्हणाले. इंजिनात तेल किती आहे ते बघायला एक लांब लोखंडी पट्टी खोचलेली असते, तिला सगळे काडी म्हणत. काडी ओढायची, पुसायची, परत खोचायची, ओढायची, आणि खुणेपर्यंत ओली झाली का बघायचं. मामंजी थोडं ओतत, काडी बघत, परत ओतत. खूण गाठली तेव्हा त्यांनी डबा खाली ठेवला आणि जीप चालू केली.

मागून निळा धूर आला.

तसा फार नाही. पण निळा. मी बघितला, ह्यांनी बघितला, म्हशीनंसुद्धा मान वळवून बघितला. मामंजी म्हणाले, "नवं तेल हाय. बसंल."

ते काही बसलं नाही. चार दिवस जीप चालवली की काडीवर तेल खाली गेलेलं दिसे. "पितीया," म्हणत मामंजी परत खुणेपर्यंत भरत. भरलं की धूर वाढे. अण्णा आले तेव्हा जीप चालूच होती.

"सुभेदार, धूर निळा दिसतोय जरा."

"आभाळाचा रंग पडलाय त्येच्यात."

अण्णांनी वर बघितलं. आभाळ चांगलंच भरून आलं होतं. त्यांनी फक्त रुमाल काढून नाकाला लावला.

दिवाळीला मला माहेरी न्यायचं ठरलं आणि मामंजींनी जाहीर केलं की एस.टी.नं जायचं नाही, जीपनं जायचं. पासिंगचं कामही त्याच वाटेवर उरकणार होतं. तेव्हा लाल अक्षरातला तात्पुरता नंबर लावून आम्ही निघालो; पुढे मामंजी आणि हे, मागे मी आणि आत्याबाई, मध्ये फराळाचे डबे. कऱ्हाडपर्यंत जीपनं लाज राखली. नंतर मागे बघावं तर रस्ताच दिसेना. उंब्रजला चहाला थांबलो तर हॉटेलातली माणसं कपबशा घेऊन बाहेर आली आणि गाडीभोवती उभी राहिली. प्रत्येकाचं काही ना काही मत होतं. एकजण म्हणाला प्लग बदला. दुसरा म्हणाला रॉकेल मिसळलं असंल. एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ धुराकडे बघत होते. ते मामंजींना म्हणाले, "पावनं, फौजेतली दिसतीया. आजून लढाई चालू हाय असं वाटतंय तिला."

मामंजींनी चहा अर्धा टाकला. आत्याबाई पदरात तोंड लपवून माझ्याकडे झुकल्या, "रिंगा गेल्यात, असं दुसऱ्याच्या गाडीला किती पटकन म्हनत्यात बग. सोताच्या गाडीला जीभ उचलत न्हाई."

साताऱ्यात आमची गल्ली अरुंद. वडील शाळेत भूगोल शिकवायचे. व्याही येणार म्हणून ते कोट घालून दारात उभे होते. जीप वळवताना मामंजींनी रेस केली आणि वडील दिसेनासे झाले. धुरातून त्यांचा आवाज तेवढा आला, "या सुभेदार! या, या! तुम्ही कुठे आहात?" आई आतून धावत आली आणि मला म्हणाली, "अगं बाई, मलेरियाचे फवारणीवाले आले की काय म्हटलं मी!"

मामंजी हसले. पण त्यांचं हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही, ते मी बघितलं. दिवाळीभर गल्लीतली पोरं फटाके सोडून जीप चालू करायची वाट बघत बसत.

परतताना पासिंगच्या कचेरीत गेलो. तिथले इन्स्पेक्टर तरुण होते आणि वागायला अतिशय नम्र. त्यांनी माझे पेन्सिलचे ठसे बघितले, पितळी पट्टी बघितली आणि विचारलं, "सुभेदारसाहेब, हिचं अंग एका गाडीचं आणि पोट दुसऱ्या गाडीचं?"

"व्हय साहेब. फौजेत आसंच. लिलावाच्या कागदावर हाय बगा."

कागद बघून त्यांनी मान डोलावली. दिवे बघितले, ब्रेक बघितले, हॉर्न वाजवला. "सगळं उत्तम आहे. आता जरा चालू करा."

मामंजींनी चालू केली. इन्स्पेक्टर मागे गेले आणि बऱ्याच वेळानं खोकत पुढे आले. "सुभेदारसाहेब, तुम्ही ह्यातले जाणकार. तुम्हाला मी काय सांगू? ह्या धुरावर मी सही केली तर उद्या तुम्हीच मला नावं ठेवाल. धूर बंद करा आणि या. सही मी उभ्या उभ्या करतो."

मामंजींनी खाडकन सलाम ठोकला. आत्याबाईंनी पेठनाक्यावर शेंगा घेतल्या, सोलून त्यांच्या हातात ठेवल्या, त्या त्यांनी न खाता खिशात टाकल्या.

दुसऱ्या दिवशी अंगणात इंजिन खोलायला काढलं. मामंजी म्हणाले, "रिंगा गेल्यात. मान्य." ते मान्य करायला त्यांना किती जड गेलं असेल ते मला कळत होतं, कारण आख्ख्या पंचक्रोशीच्या गाड्यांना त्यांनी हे सहज सांगितलेलं होतं. आत्याबाईंची एक गोधडी अंगणात अंथरली गेली आणि तिच्यावर इंजिनाचे भाग ओळीनं मांडले गेले. नट ठेवायला पोहे चाळायची चाळणी गेली. तेल धरायला परात गेली. "माझी काटवट तेवडी ठेवा," आत्याबाई म्हणाल्या, "दोन घास भाकरी करायची हाय तुमास्नी." पुढचे काही दिवस आमच्या जेवणाला इंजिनचा वास यायचा. मामंजी सांगत, मी त्यांच्या हातात पाने देत असे. कोणता पाना कुठला ते मला त्या आठवड्यात पाठ झालं.

पिस्टन बाहेर निघाले. मामंजींनी रिंगा उन्हात धरून बघितल्या, बोटानं चाचपल्या, फटीत पत्र्याची पट्टी घालून बघितलं. मग चष्मा काढला.

"काय झालं मामंजी?"

"चांगल्या हायती," ते म्हणाले. "रिंगा चांगल्या हायती, पोरी."

एरवी ते मला सूनबाई म्हणत. पोरी म्हणाले ते पहिल्यांदाच.

तरी त्यांनी सगळं स्वच्छ केलं, गॅस्केट नवं घातलं, इंजिन जोडलं. नवं तेल काडी बघून खुणेपर्यंत भरलं. जोडून झाल्यावर गोधडीवर एक वायसर उरला, तो आत्याबाईंनी गुपचूप उचलून तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. जीप चालू केली. निळा धूर पूर्वीसारखाच आला, अगदी तसाच, आणि पडवीभर पसरला.

मामंजींनी चावी फिरवून बंद केली आणि स्टेअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दारात कुणाचा ट्रॅक्टर येऊन थांबला, त्यानं "सुभेदार, जरा धूर बगता का?" म्हणून हाक मारली, तर आतून म्हणाले, "दुसरीकडं दाखीव बाबा. मला आता दिसत न्हाई." आत्याबाई इतक्या दिवस त्यांची खोडी काढत होत्या, ते त्यांनी सोडलं. चहा माझ्याकडे न देता स्वतः घेऊन गेल्या आणि ते प्यायले की नाही ते बघत उंबऱ्यातच बसल्या. फौजेतून परतल्यावर ह्या माणसाजवळ उरलेलं काय होतं, तर हे एवढं ज्ञान. तेच खोटं ठरायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. त्यांनी परिस्थिती बघितली आणि चेष्टा केली नाही. मामंजींच्या शेजारी कट्ट्यावर बसून सगळं ऐकून घेतलं. मी चहा घेऊन गेले. मामंजी सांगत होते, "रिंगा चांगल्या, पिस्टन चांगलं, तरी तेल जळतंय. भरलं की जळतंय. जळलं की काडीवर कमी दिसतंय. कमी दिसलं की मी परत भरतोय."

काडीचं नाव ऐकलं आणि माझ्या मनात जे आलं ते मी विचारून मोकळी झाले. विचारताना भीती वाटली, कारण दोन वडीलधारी माणसं बोलत होती.

"मामंजी, इंजिन दुसऱ्या गाडीचं आहे ना? मग काडी कुणाची?"

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. मग अण्णांकडे. मग जीपकडे. चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"काडी..." ते म्हणाले. "इंजिन बदलताना काडी हरावली आसंल. मग कुनीतरी हाताला लागंल ती खोचून दिली आसंल. आखूड आसंल तर? आखूड काडी तेलापतूर पोचायचीच न्हाई. तेल पुरं आसलं तरी कमीच दावनार."

"आनि तू भरतच राहनार," अण्णा म्हणाले.

"आनि मी भरतच ऱ्हानार. आनि जास्तीचं तेल वर चढून जळतच ऱ्हानार."

"सुभेदार, मग आता एकदा माझं ऐक. समदं काढ आनि मापून बघ."

मामंजी वाण्याच्या मापाबद्दल काय म्हणत ते अण्णांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते काढलं नाही. घासलेट मोजायचं लिटरचं माप मी आतून आणलं. परात जीपखाली सरकवली. खालचा नट सैल केला, तेलाची धार लागली. मामंजी खाली झोपलेले, अण्णा धोतर वर खोचून उकिडवे बसलेले, आणि मी मापानं परातीतलं तेल डब्यात ओतत होते. त्या जातीच्या इंजिनात किती तेल मावतं ते मामंजींना तोंडपाठ होतं. तेवढी मापं भरून झाली. धार तुटेना. आणखी एक माप भरलं. आणखी एक. धार चालूच.

जीपखालून एक विचित्र आवाज यायला लागला. मला वाटलं मामंजींना लागलं. मी वाकून बघितलं तर ते झोपल्या झोपल्या हसत होते, छाती हलत होती, डोळ्यांतून पाणी येऊन कानात जात होतं.

"अण्णा," ते खालून म्हणाले, "बिचारीला ढेकर येत हुता रं! आनि मी आपला वाढतोय, वाढतोय!"

आत्याबाई दारातून म्हणाल्या, "आवं, पन जावयाला कवा आसं वाढलं न्हाई तुमी!" आणि मग त्याही हसायला लागल्या.

त्यांनी बरोबर मापून तेल भरलं. मग काडी घातली, काढली. नेमकं टोक तेवढं ओलं झालं होतं; खूण कुठल्या कुठे वर राहिली होती. मामंजींनी करवतीच्या पात्यानं त्या ओल्या टोकाशी नवी खूण पाडली, फुंकर मारली आणि काडी परत खोचली. आधीचं जास्तीचं तेल आत कुठे कुठे लागलं होतं, त्यामुळे चालू केल्यावर थोडा वेळ धूर आलाच. आम्ही सगळे मागे उभे. हळूहळू तो पातळ झाला, मग नुसती हवा हलताना दिसायला लागली, पलीकडचा ऊस स्वच्छ दिसला. अण्णांनी खिशातला इस्त्रीचा रुमाल काढला आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. रुमालावर थोडी ओल आणि नखाएवढी काजळी. अण्णांनी तो मामंजींना दाखवला, नीट घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "पास."

कचेरीतल्या इन्स्पेक्टरांनी शब्द पाळला. त्यांनी विचारलं, "काय निघालं शेवटी?" मामंजी गंभीरपणे म्हणाले, "गाडीत दोष नव्हता साहेब. मोजनाऱ्यात हुता."

गावात मात्र ही गोष्ट सांगताना हळूहळू फरक पडत गेला. पहिल्या महिन्यात ते सांगत, "सुनंनं विचारलं, काडी कुनाची." नंतर सांगायला लागले, "सुनंनं आनि मी विचार केला." आणखी काही दिवसांनी, "मला पयल्यापासून काडीचाच संशय." मी भाकरी करता करता ऐकत असे. आत्याबाई तव्यावरून नजर न उचलता म्हणत, "आता अजून दोन दिसांनी तू लगीन व्हऊन आलीच नव्हतीस, आसं सांगतील बग."

दारात गाड्या परत यायला लागल्या. मामंजी परत मागे उकिडवे बसायला लागले. फक्त निळा धूर दिसला की आता ते लगेच निकाल देत नसत. "काडी दाखीव," म्हणत. काडी हातात घेऊन, डोळ्यापाशी धरून, उलटीसुलटी बघत. ज्याची गाडी असेल तो म्हणे, "सुभेदार, काडी माझ्या गाडीचीच हाय." त्यावर ते म्हणत, "तुला ठावं हाय का? बघितलंस का तू तिला गाडीच्या पोटातनं जन्मताना?"

पुढच्या उन्हाळ्यात आटपाडीला दिलेल्या माझ्या नणंदेला भेटायला मामंजी, आत्याबाई आणि मी निघालो; मी पुढे, मामंजींच्या शेजारी. तिकडे मोकळं माळरान, रस्त्यावर माणूस नाही, गाडी नाही. एका वळणापाशी मामंजींनी जीप थांबवली, खाली उतरले, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "सरका तिकडं. आज तुमी चालवायची."

"मामंजी, मला येत नाही."

"काडी कुनाची, हे येतंय. मग क्लच कुटला त्येबी येईल."

मागून आत्याबाईंनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. मी पदर खोचला. तीन वेळा गाडी बंद पडली, चौथ्यांदा हिसका देऊन निघाली. मामंजी शेजारी बसून परेडवरच्या आवाजात सांगत होते, "दुसरा गिअर! हळू! हळू म्हनजे थांबू नका! त्या दगडाकडं बगू नका, गाडी बगू तिकडं जाती!" थोडं पुढे गेल्यावर रस्त्यात मेंढरांचा मोठा कळप आला. मी ब्रेक दाबला, क्लच दाबायला विसरले, गाडी धक्का देऊन मेली. मेंढरं दोन्ही बाजूंनी वाहात निघून गेली. धनगर काठीवर हात टेकून उभा राहिला, त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग स्टेअरिंगकडे, मग मामंजींकडे.

"बाई चालवतीया?" त्यानं विचारलं.

"सून हाय माझी," मामंजी म्हणाले, आणि मग मला, "लावा पयला गिअर."